सौम्य

हाड कापायचं तर आधी त्यातला चुना काढावा लागतो.
मुंगी चावते तेव्हा जे आम्ल टोचते
तेच, बाटलीत, आठ दिवस.
घाई केली की पेशी जळतात,
हे मी सत्तावीस वर्षं दर नव्या डॉक्टरला सांगते
आणि दर नवा डॉक्टर पाचव्या दिवशी विचारतो,
खोब्रागडे मॅडम, झालं का?

मे महिन्यात नागपुरात मेण उभं राहत नाही.
कूलर नुसता दमट वारा फेकतो,
ठोकळा पात्याखाली पेढ्यासारखा दबतो.
मग मी चौकातल्या रसवंतीवरून बर्फ आणते.
रोजचे वीस रुपये,
कुठल्याच बिलात न बसणारे.

२११४. स्त्री, वय पंधरा.
मांडीचं हाड, गुडघ्याकडचं टोक.

बाप खिडकीशी आला, रात्रीच्या एसटीनं कुरखेड्याहून.
"बाई, काय निघालं जी पोरीच्या हाडात?"
सही डॉक्टरांची असते, म्हणून उत्तरही त्यांचंच.
मी म्हटलं, बसा. पाणी प्या.
माठ दाखवला.

पण मी पाहिलं होतं.
गोल गोल पेशी, एकमेकींना खेटून,
आणि त्यांच्या मधून चुन्याची बारीक जाळी.
खुराड्याची जाळी म्हणतात तिला पुस्तकात.
त्याच्या मनगटावर ओरखडे होते.
घरी कोंबड्या असतील, असं उगाच वाटलं मला,
आणि त्याला तेवढंच सांगावंसं वाटलं,
की तुमच्या ओळखीचंच आहे काहीतरी आत.

नाही सांगितलं.

डॉक्टर तिजारे म्हणाल्या, कॉन्ड्रोब्लास्टोमा. दुर्मीळ. सौम्य.
सौम्य मी साबणाबद्दल ऐकलं होतं,
खोकल्याच्या औषधाबद्दल.
इथे बोराएवढं हाड पोखरलेलं,
पोरीला खो-खोत खांब गाठता येईना,
रात्री उशी दाबून रडायची म्हणे.
एवढं सगळं सौम्य.
म्हणजे सहसा दुसरीकडे जात नाही, इतकंच.
खरवडायचं, कमरेचं हाड आणून खड्डा भरायचा,
आणि दोन-तीन वर्षं बघत राहायचं.

शेजारच्या टेबलावर बारा सशांचे गुडघे.
तिजारे मॅडमचं संशोधन:
कूर्चेला भोक पाडलं तर ती भरते का.
तिच्यात रक्तवाहिनी नाही,
जखम झाली तरी कुणाला कळवणार?
आम्ही लाल रंग घालतो. खरी कूर्चा लाल दिसते.
नवव्या सशाला काठावर लाल रेघ आली,
चिमटीत धरलेल्या कुंकवाएवढी.
मॅडमनी मला बोलावून दाखवली.
मग मधला भाग पाहिला. फिका, दोऱ्या दोऱ्यांचा.
भरलं होतं, पण तेच भरलं नव्हतं.
वहीत त्यांनी लिहिलं, "अंशतः",
आणि पेनाचं टोपण बराच वेळ लावत बसल्या.

माझा उजवा गुडघा सहा वर्षांपासून वाजतो.
तिथे कूर्चा उरली नाही, फोटोत दिसतं,
हाडावर हाड.
आणि त्या पोरीच्या हाडात
कूर्चा करू पाहणाऱ्या पेशी, नको तिथे, नको तितक्या.
मी तो काच दुसऱ्यांदा लावला,
कामासाठी नाही.
यांना काय म्हणावं? उधळ्या? उतावळ्या?
थोडं इकडे या, म्हणावं का?

पुढच्या हिवाळ्यात लिफ्ट बंद होती.
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी कठडा धरून थांबले.
खालून एक मुलगी आली, एक एक पायरी,
हातात एक्स-रेचं पाकीट,
मागे तोच माणूस, पिशवी घेऊन.
पाकिटावर स्केचपेननं जुना नंबर होता.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या गुडघ्याकडे.
"काकू, तुमचंबी ऑपरेशन झालं का?"
नाही गं, म्हटलं. माझं नुसतं झिजलं.
"मग तुमी पुढं व्हा."
नाही, तू हो.
तिचं हाड आठ दिवस माझ्या बाटलीत होतं
हे काही सांगण्यासारखं नव्हतं.

बाप म्हणाला, "दोघीबी बसा ना थोडं."
पायरी थंडगार होती.
बसलो.